पल्याड गावात कुणी खोकत नसे

"तिथं दिवस कसे काढलेत हो?" असं मला बरेच जण विचारतात. क्षयाच्या इस्पितळात राहून आलेल्या बाईला तोंडावर विचारण्यासारखा लोकांना हा एकच प्रश्न सापडतो. बाकीचे ते माझ्या पाठीमागे एकमेकांना विचारतात. पूर्वी मी "काढले कसेतरी" म्हणून मोकळी होत असे. आता खरं ते सांगते. मी तिथं तांगा हाकत होते.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतली एक तरुण मुलगी छातीचा फोटो पदराखाली लपवून माझ्याकडे आली आणि रडत बसली. गोळ्या कशा घ्यायच्या, अंडी-दूध किती खायचं, हे सगळं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. इस्पितळात दिवसभर छताकडे बघत पडायचं तेव्हा मनाचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला मी जे सांगितलं ते इथे लिहिते आहे. आणि जे सांगायचा धीर झाला नाही तेही.

फोटो काढला तो दिवस

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी लोणावळ्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. यजमान रेल्वेच्या ऑफिसात होते. घरात सासूबाई आणि आमची चार वर्षांची मीना. खोकला होता, पण लोणावळ्यात पावसाळाभर कोण खोकत नाही? भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, त्यात वर्गात खडूची भुकटी. एकदा फळ्यावर बेरीज लिहिताना जोराची उबळ आली, पदर तोंडाला लावला आणि तो खाली घेतला तर लाल. मुलं पुढच्या आकड्याची वाट बघत होती. मी बेरीज पुरी केली.

पुण्याला जाऊन फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि यजमानांना विचारलं, "यांना लहान मूल आहे का?"

"हो. मुलगी आहे."

"मग आजपासूनच वेगळं ठेवा."

मी तिथंच खुर्चीत बसले होते. माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. एसटीत यजमानांनी मला खिडकीजवळ बसवलं, "हवा लागू दे तुला," म्हणाले आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हा मला ती काळजी वाटली होती.

घरी ते पुढे गेले. मी फाटकातून आत येते तो मीना धावत आली. सासूबाईंनी मागून तिचा फ्रॉक धरला. फ्रॉकचा बंद फाटल्याचा आवाज मला आला. पोरगी लोंबत्या बंदासकट तशीच माझ्याकडे हात करून उभी, आणि सासूबाई म्हणताहेत, "तिथंच थांब गं, तिथंच थांब." हे त्या मीनाला म्हणत होत्या की मला, हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही दोघीही थांबलो.

खाटा

तळेगाव आणि लोणावळा यांच्या मधल्या एका माळावर ते इस्पितळ होतं. नाव सांगत नाही. तिथले लोक वाईट नव्हते. बायकांचा वॉर्ड म्हणजे जाळी लावलेला लांबच लांब व्हरांडा, एका ओळीत खाटा, समोर विसापूरच्या डोंगराची पाठ. सकाळी थर्मामीटर, मग दूध, मग इंजेक्शन, मग ती पांढरी पूड, जी गिळली तरी दिवसभर घशात परत येत राही. दुपारी सक्तीची विश्रांती. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवर वळायचं तरी हळूच.

सगळ्यांत जास्त छळ करत होतं ते बोलणं. सतत एकच. कुणाचं वजन वाढलं, कुणाचा ताप उतरेना, कुणाच्या बेडक्यात अजून जंतू आहेत, कोपऱ्यातल्या खोलीत कुणाला हलवलं. कोपऱ्यातल्या खोलीतून सहसा कुणी परत येत नसे. आम्ही रात्रंदिवस आपापल्या फुप्फुसांवर पहारा देत बसलो होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोंडाबाई होती, बेडशाच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. तिशीची असेल, पण हात पन्नाशीचे. समोरच्या भिंतीकडे सुधा, तळेगावची, कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना आलेली. वॉर्डात सगळ्यांत जुनी तीच. तिचं लग्न ठरलं होतं, ते मुलाकडच्यांनी मोडलं. हे ती स्वतःच हसत सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी.

एका संध्याकाळी तिनं मला विचारलं, "नलूताई, त्या डोंगराच्या पलीकडे काय आहे गं?"

"पवनेचं खोरं."

"अगं भूगोलाच्या बाई, ते मला ठाऊक आहे. आपलं काय आहे तिकडे?"

मला कळेना. कोंडाबाई आढ्याकडे बघत म्हणाली, "पल्याड गाव आसंल कायतरी."

"असेल नाही, आहे!" सुधा उशीवरून उठली. तिला उठायची परवानगी नव्हती. "पल्याड गाव. मी तिथंच राहते. तुम्ही कोण तिथल्या?"

नियम

नियम सुधानं केले. इथं जे आहोत ते तिथं व्हायचं नाही. मी शिक्षिका, म्हणून तिथं शिकवायचं नाही. खरं नाव सांगायचं नाही. आपण काय करणार ते आपण सांगायचं, पण ते जमलं की फसलं हे चिंचोके सांगणार. फोडून घासलेले चिंचोके कोंडाबाईनं घरून मागवले होते. पांढऱ्या बाजू किती वर पडतात, त्यावर पल्याडचं दैव. पडेल ते सोसायचं, पुन्हा टाकायचे नाहीत. आणि शेवटचा नियम असा, की पल्याड गावात कुणी खोकत नाही. जी दुखण्याचं नाव काढील ती दिवसभर वेशीबाहेर.

"मग म्या मामलेदार," कोंडाबाई म्हणाली.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"हसू नगा. जलमभर त्येच्या कचेरीफुडं उकिडवी बसलीया. आता म्या आत बसनार आन तुमी भायेर."

मी म्हटलं, मी तांगेवाली. लोणावळ्याच्या स्टेशनबाहेर तांगे उभे असायचे आणि लहानपणापासून मला त्या पुढच्या जागेचा हेवा वाटायचा. बाई तिथं कधी बसलेली बघितली नव्हती. सुधा गावची बातमीदार झाली. विश्रांती संपून चहा येईपर्यंतच्या वेळात ती रेडिओवरच्या निवेदिकेसारखा आवाज काढून पल्याडच्या बातम्या द्यायची. काल कुणाचा बैल हरवला, मामलेदारांनी कुणाला दम भरला, तांग्याचं चाक कुठे निखळलं. वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही एकेक करून गावात राहायला आल्या. कुणी हलवाई झाली, कुणी विहिरी खणणारी. सक्त विश्रांतीचा हुकूम असलेली एक म्हातारी होती, ती नुसती गावात हिंडायची. "मला काही व्हायचं नाही, मला चालायचंय," म्हणायची.

मग पुरुषांच्या वॉर्डाला हे कळलं. तो वॉर्ड इमारतीच्या दुसऱ्या अंगाला होता, मध्ये भिंत आणि औषधांची खोली. आमच्याकडची आया सखूमावशी दोन्हीकडे कामाला जायची. एक दिवस ती म्हणाली, "तिकडलं एक जन म्हंतं, गावाला हवालदार हाय का न्हाई? नसंल तर म्या येतो."

सुधानं मामलेदारांना विचारलं. कोंडाबाईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "यूं द्या. पन सलाम करावा लागंल."

सखूमावशी जाऊन आली. "केला म्हंत्यात."

पूल

पल्याड गावात नदी होती. गाव एका तीराला आणि स्टेशन दुसऱ्या तीराला, त्यामुळे माझा तांगा काठावर येऊन थांबायचा. हवालदारानं पूल बांधायचं मनावर घेतलं. त्यांनी त्यांच्या वॉर्डातून दगड आणायचे, मी तांग्यातून चुना आणि माणसं न्यायची, मामलेदारांनी मंजुरी द्यायची, आणि प्रत्येक पावलाला चिंचोके. एकदा पूल अर्धा झाला आणि चिंचोके सगळे काळे पडले. वाहून गेला. वॉर्डात कुणी जेवलं नाही नीट. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "हवालदार म्हंत्यात, पाया चुकला व्हता. पुन्यांदा घालू."

त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकला नव्हता. वय, जात, गाव, काही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या बाजूला वाईट दान पडलं तर तो ते जसंच्या तसं कळवायचा, हे मला ठाऊक होतं. भिंतीपलीकडे काय पडलं ते बघायला आम्ही थोड्याच जाणार होतो? त्याला सहज खोटं सांगता आलं असतं. सात वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्याबद्दल एवढी खात्री मला देता आली नसती.

याला लोक पळवाट म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्या पायांना पळायची परवानगी आहे त्यांनी पळवाटेला नावं ठेवावीत. इथं मला सांगितलं होतं की हात वर करू नकोस, मोठ्यानं हसू नकोस, केससुद्धा स्वतः विंचरू नकोस. तिथं माझ्या मुठीत लगाम होता. चढावर घोडा दमला की मी खाली उतरून त्याच्याबरोबर चालत होते. दंड भरून येत होते, खरंच येत होते. खाटेवर पडलेली मी सगळ्यांची एक अडचण होते. तांग्याची मात्र माणसं वाट बघत होती.

सिस्टरना सगळं माहीत होतं. रागवायचं सोडून त्या सुई टोचताना कानाशी म्हणायच्या, "आज घोड्याला नाल मारायचाय, हलू नका." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन.

तब्येत सुधारत होती. गोळ्यांनी सुधारली की पल्याडनं, या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते, की रविवारी भेटायला येणारी माणसं निघून जायची मी वाट बघू लागले होते. मला त्याची लाज वाटत नाही. ती माणसं दाराशी उभी राहून, नाकाला रुमाल लावून, माझ्याकडे एका आजाराकडे बघावं तसं बघायची. आणि घड्याळाकडे.

रविवार

त्या रविवारी यजमान एकटेच आले होते. मुलांना आत सोडत नसत. मी मीनाबद्दल विचारलं.

"ठीक आहे. आई म्हणते, हल्ली तुझं नाव काढत नाही. बरंच झालं ते."

मी काही बोलणार तोच सखूमावशी परात घेऊन आली. तिला रविवारचं भान राहिलं नाही. येता येताच म्हणाली, "तांगेवाली बाई, हवालदारांनी सांगितलंय, उद्या घोडं घिऊन पुलावर या. त्ये वाट बघत्यात."

यजमानांनी रुमाल खाली घेतला. "कोण हवालदार?"

"खेळातले आहेत."

"पुरुषांच्या वॉर्डातला?"

"हो, पण..."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही. खरं नाव सांगायचं नसतं तिथं."

हे बोलताना माझ्याच कानांना ते कसं लागलं, ते मला ऐकू आलं. मी घाईघाईनं समजावायला लागले. गाव, नदी, चिंचोके. जितकं सांगत होते तितकं वाईट दिसत होतं. शेवटी कोंडाबाई मध्ये पडली. ती बिचारी उठून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सायेब, म्या मामलेदार हाय तितली. पूल सरकारी हाय. वंगाळ कायबी न्हाई."

यजमानांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथं माणसं मरताहेत," ते म्हणाले, "आणि तुम्ही..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते घरी गेले नाहीत, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे गेले.

सोमवारी फेरीवर डॉक्टर माझ्या खाटेशी थांबले. "बाई, हे इस्पितळ आहे. जत्रा नाही. उत्तेजनानं ताप वाढतो." माझा ताप कधीच उतरला होता, तक्ता त्यांच्या हातात होता. त्यांनी तो बघितला नाही. चिंचोके गोळा करून नेले. सखूमावशीचं पलीकडच्या वॉर्डातलं काम बंद झालं. पुलावर माझी वाट बघणाऱ्या माणसाला मी का आले नाही, हे कळवायचीही सोय उरली नाही.

सुधा

आम्ही बाकीच्या बायका रुसलो, चिडलो आणि पुन्हा वजन-ताप बोलू लागलो. सुधा मात्र भिंतीकडे तोंड करून पडली. आमच्यापाशी निदान घर नावाची एक गोष्ट होती, खरी असो खोटी असो. तिचे आईवडील तळेगावात, हाकेच्या अंतरावर, पण त्यांचं येणं कमी कमी होत गेलं होतं. धाकट्या बहिणीचं बघत होते ते. थोरलीला क्षय आहे हे जितकं कमी दिसेल तितकं बरं. तिला राहायला पल्याडखेरीज जागाच नव्हती, आणि तिथून माझ्या नवऱ्यानं तिला बाहेर काढलं. तो असं म्हणणार नाही. मी म्हणते.

खेळ बंद झाला म्हणून ती गेली असं मी म्हणत नाही. तिची छाती आमच्याही आधीपासून पोखरलेली होती. पण जाताना ती एकटी होती, आणि तशी असायची काही गरज नव्हती.

तिला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं तेव्हा मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायची परवानगी मिळाली होती. मी रोज सकाळी तिच्या खिडकीच्या जाळीशी उभी राहून बातम्या देऊ लागले. तिच्यासारखा आवाज मला जमत नव्हता.

"नदीला पाणी आहे?" ती विचारायची.

"आहे."

"पूल?"

"झाला पुरा. काल पहिला तांगा नेला. हवालदारांनी सलाम ठोकला."

"चिंचोके टाकलेस?"

"टाकले."

ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. "खोटं बोलतेस, ताई. राहू दे. सांग पुढचं."

मी सांगत राहिले. काय वाटेल ते सांगितलं. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी गेले तर खाट उचलून भिंतीला टेकवलेली होती आणि जमीन धुतलेली होती.

वॉर्डात कुणी कुणाकडे बघेना. दुपारी, विश्रांतीच्या वेळेत, कोंडाबाई एकदम मोठ्यानं म्हणाली, "बातमीदारबाईंची बदली झाली."

खाटांवर माना वळल्या.

"म्या हुकूम काढलाय. पल्याडात कुनी मरत न्हाई. बदली झाली, लांबची." मग तिनं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं, आणि ते पांघरूण कितीतरी वेळ हलत होतं. सिस्टर तिथून गेल्या. विश्रांतीच्या वेळेत बोलल्याबद्दल त्यांनी कुणाला हटकलं नाही.

त्यानंतर त्या गावात कुणी गेलं नाही.

भातलावणीच्या दिवसांत कोंडाबाईचा नवरा तिला न्यायला आला. खाचरात हात कमी पडत होते. डॉक्टर नको म्हणाले. ती निघाली. "तितं मामलेदार व्हते, हितं बाईल हाय," मला म्हणाली. गोळ्यांची पुडी कमरेला खोचून माळावरून नवऱ्याच्या मागे चालत गेली, तिच्या परीनं भराभर.

बरी झाले

माझे जंतू गेले. लागोपाठ तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी दाखला दिला की या बाईपासून आता कुणाला धोका नाही. लोणावळ्याला कळवलं. न्यायला कुणी आलं नाही. तळेगावहून माझा भाऊ आला.

भावाबरोबर मी लोणावळ्याच्या घरी गेले. यजमान बाहेरच्या खोलीत बसले होते. दाखला पुढे केला तर तो त्यांनी वाचलाही नाही.

"आजाराचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "आईला तुझी चाल पसंत नाही. तिथं जे काही चाललं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मी आतल्या दाराकडे बघत होते. पलीकडे मीना असावी असं वाटत होतं. दार लावलेलं होतं. भाऊ मला हाताला धरून बाहेर घेऊन आला.

क्षय झाला म्हणून बायको सोडली असं म्हणायची शिकलेल्या माणसाला लाज वाटली असती. चालीची निघाली म्हणून सोडली, असं म्हणायला वाटली नाही. तांग्याचा आणि पुलाचा त्यांना तेवढाच उपयोग झाला.

भावाकडे राहत असताना एक दिवस दाराशी सायकल टेकवून एक म्हातारा उभा राहिला. बुटका, एका बाजूचा खांदा ऑपरेशननं खचलेला, बोलताना दम लागत होता. सोमाटण्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

"म्या हवालदार," तो म्हणाला आणि सलाम केला.

माझ्या डोळ्यांसमोर इतके महिने एक उंच, मिशाळ माणूस होता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

"सखूबाईकडनं कळलं. माज्यापायी तुमचं घर मोडलं म्हनं. म्या जाऊन सांगतो त्यास्नी."

"नका जाऊ, बाबा. उपयोग नाही."

त्यानं ऐकलं नाही. चार दिवसांनी परत आला, ओसरीवर बसला, घोटभर पाणी प्याला.

"काय म्हणाले?"

"पायरीखालीच हुबा केला. आतनं म्हातारी वरडली, त्यो तितलाच न्हवं, आत घिऊ नगंस. म्या मालकास्नी समदं सांगितलं. म्हनलं, बघा माज्याकडं, नातवंडं हायेत मला. त्ये म्हनले, बरं. आन दार लावलं." त्यानं आपली काळी पडलेली बोटं धोतराला पुसली. "त्यास्नी पटलं, बाई. लगीच पटलं. मला दिसलं की तोंडावर. पन त्ये कामाचंच न्हवतं."

मी चहा केला. आमच्या भावजयीनं तो घरातल्या नेहमीच्याच कपात दिला, वेगळा कप काढला नाही. आम्ही सायकलींबद्दल बोललो. नदीचं नाव कुणी काढलं नाही.

नंतर

लोणावळ्याच्या शाळेनं मुलांच्या आरोग्याचं कारण सांगून मला परत घेतलं नाही. खूप फिरले तेव्हा मळवलीच्या बाजूला एका गावात शाळा मिळाली, तीही तिथं जायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. त्या गावानं मला काही विचारलं नाही. मी अजून तिथंच आहे.

कोंडाबाई एकदा कामशेतच्या बाजारात दिसली. जिवंत होती, डोक्यावर पाटी होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हाक मारली, "मामलेदार!" तिनं दचकून आजूबाजूला बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "हितं तसं म्हनू नगा, बाई. हितं त्ये ऐकलं का लय वंगाळ वाटतंया." मग माझा हात एकदा घट्ट दाबून ती गेली.

तर आमच्या आळीतल्या मुलीला मी सांगितलं, की तिथं तुझ्याबरोबरच्या बायकांशी काहीतरी खेळत जा. मनानं दुसरीकडे राहायला जागा कर, सगळ्या मिळून करा, एकटीनं नको. त्याला कुणी हसलं तर हसू दे. मात्र घरच्यांना त्यातलं काही सांगू नकोस, हे मला तिला सांगवलं नाही. तिचा अजून त्यांच्यावर विश्वास आहे.

घटस्फोट झाला, मीनाला दुसरी आई आली. कोर्टानं मला भेटायची मुभा दिली होती, पण मुलगी आजोळी गेली आहे, ताप आला आहे, परीक्षा आहे, अशी कारणं दर वेळी निघत. मग मी जाणं सोडलं. मध्ये बरीच वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात तळेगावला वक्तृत्वाच्या स्पर्धा होत्या. मी माझ्या शाळेची मुलं घेऊन गेले होते. लोणावळ्याच्या शाळेतर्फे जे नाव पुकारलं ते मीनाचं होतं. उंच झाली आहे. बोलताना माझ्यासारखीच उजवी भुवई वर करते. कशावर बोलली ते मला सांगता यायचं नाही. मी ऐकत नव्हते, बघत होते.

स्पर्धा संपल्यावर बाहेर फरसबंदीवर ती मैत्रिणींत उभी होती. माझ्याकडे तिनं दोनतीनदा बघितलं. मग मैत्रिणींना काहीतरी सांगून एकटी माझ्याकडे आली. मला कुणी दाखवून दिलं होतं, की माझा एखादा फोटो तिनं कुठे पाहिला होता, देव जाणे. जरा अंतर ठेवून उभी राहिली. मोठ्या माणसांशी बोलायची तिला चांगली रीत शिकवली आहे.

"तुम्ही आता बऱ्या आहात ना?" तिनं विचारलं.

मुलगी आईला तुम्ही म्हणत नाही आमच्यात. परक्या बाईला म्हणतात. पण त्या घरातल्या कुणी हा प्रश्न मला विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"हो," मी म्हटलं. "बरी आहे."

तिनं मान हलवली. आणखी काही विचारावंसं वाटत असावं, मलाही सांगावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्यांच्या शिक्षकांनी हाक मारली आणि ती एसटीकडे पळत गेली.